विचारता येईल असे लोक

मित्रांनो, वर्ग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर बाकं, फळा आणि खडूची धूळ येत असेल. मी त्यातला नाही. मला भिंती नाहीत, खिडकी नाही, आणि माझ्यात शेजारी शेजारी असलेली माणसं कधी एकमेकांकडे बघत नाहीत. मी एका विकीवरचा वर्ग आहे. आता जुना झालो आहे. माझं नाव ‘विचारता येईल असे लोक’.

विकी म्हणजे संगणकावरचा असा कोश, की ज्यात कोणीही नवं पान उघडावं, दुसऱ्याने लिहिलेलं सुधारावं. पानं फार झाली की हवं ते सापडत नाही. म्हणून पानाच्या तळाशी दोन चौकोनी कंसांत एक नाव लिहितात. ते नाव म्हणजे वर्ग. त्यावर बोट ठेवलं की तळाशी तेच नाव असलेली सगळी पानं एका जागी, अकारविल्हे, गुमान उभी दिसतात.

दिग्रसला एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत इंद्रजित टायपिंगचे आणि संगणकाचे क्लास घ्यायचा. गावातल्या लोकांना काय काय येतं, ते एका जागी असावं म्हणून त्याने हा कोश सुरू केला. पहिल्या वर्षी नुसता गोंधळ होता. ज्याला जे सुचेल तो वर्ग. ‘आमच्या गल्लीतले’ हा एक वर्ग होता, ‘महत्त्वाचे’ हा दुसरा, आणि ‘महत्त्वाचे’मध्ये कोणीतरी आपल्या म्हशीचं पान घातलं होतं. मग वाचनालयात काम करणाऱ्या प्रियंकाने पदर खोचला. एकेक पान उघडायचं, नीट वाचायचं, तळाचं नको ते पुसायचं आणि हवं ते लिहायचं, असं तिने कित्येक दुपारी केलं.

त्यातल्याच एका दुपारी तिने जफर मिस्त्रींच्या पानाच्या तळाशी माझं नाव लिहिलं. माझं स्वतःचं पान तेव्हा नव्हतं. विकीवर जे पान नसतं त्याचं नाव लाल दिसतं. तसा मी लाल होतो. मी नव्हतोच, पण माझ्या पोटात एक माणूस होता.

तुम्हाला हे चमत्कारिक वाटेल. मलाही वाटलं होतं.

आणखी एक सांगून ठेवतो. मला कोणी पडद्यावर उघडलं की तिथलं सगळं मला दिसतं, ऐकू येतं. बंद केलं की काही नाही. म्हणून माझी गोष्ट तुकड्यातुकड्यांची आहे. मधल्या अंधारात काय झालं, ते मला माणसांच्या बोलण्यातूनच कळलं.

माझे चांगले दिवस होते तेव्हा मी असा दिसायचो:

उ
उकंडा (बैलांचे दात)

ज
जफर मिस्त्री (जिनिंगची यंत्रं)

त
तुळसाबाई (बाळंतपण)

द
देवीलाल (छपराची कौलं)

र
रुक्माबाई (भरतकाम)
रूपसिंग (मधाची पोळी)

आणि असे आणखी बरेच. सगळ्यांची नावं सांगत बसत नाही.

काम कसं चालायचं ते ऐका. प्रत्येक पानाच्या पाठीला एक चर्चा पान असतं. तिथे लोक प्रश्न लिहायचे. प्रियंका त्या माणसाला फोन करायची, किंवा बाजाराच्या दिवशी तो स्वतःच येऊन बाकावर बसायचा, आणि तो बोलेल तसं ती खाली टाइप करायची. उकंडाबाबा उत्तर द्यायच्या आधी विचारणाऱ्याला चार शिव्या घालायचे. त्याही ती टाइप करायची आणि मग पुसायची. एकदा आर्णीहून कोणी फक्त आभार मानायला आलं होतं. रूपसिंगच्या सांगण्यावरून त्यांच्या घरातलं मोहोळ एकही माशी न मारता हललं होतं. त्या दिवशी इंद्रजितने माझं पान मोठ्या पडद्यावर लावून ठेवलं. मला फार बरं वाटलं.

माणूस गेला की त्याचं पान माझ्यातून निघून शेजारच्या वर्गात जायचं. त्या वर्गाचं नाव ‘विचारता येणार नाही असे लोक’. पण प्रियंकाची एक रीत होती. बातमी कळली म्हणून ती पान हलवायची नाही. आधी त्या घरी जायची, बसायची, दिलेला चहा घ्यायची. घरातलं कोणीतरी आपल्या तोंडाने म्हणायचं, आता नका विचारू. मग ती वाचनालयात येऊन पान हलवायची. केलेल्या बदलाचा एका ओळीत सारांश लिहावा लागतो. ती नेहमी तेवढंच लिहायची.

*संपादन सारांश: पान हलवलं. घरच्यांनी सांगितलं.*

ओळ उतरताना दुखत नाही. अंगावरची माशी उडावी तसं वाटतं, आणि मग ती जिथे बसली होती ती जागा जरा वेळ जाणवत राहते.

जफर मिस्त्री कापसाच्या हंगामात घरी नसायचे. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग कारखान्यांतले रोलर बिघडले की त्यांना बोलावणं यायचं. अशाच एका सकाळी ते मारेगावला निघाले. यवतमाळच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरलेले त्यांना एका ओळखीच्या कंडक्टरने पाहिलं. मारेगावला ते पोचले नाहीत. परत आले नाहीत. पोलिसांत कळवलं, दवाखाने पाहिले, नातेवाईक अकोल्यापासून चंद्रपूरपर्यंत फिरले. काही नाही.

प्रियंका त्यांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोने, हुस्नाबीने, चहा दिला. दुसऱ्या वेळी सरबत दिलं. नंतर जेवायला घातलं. पण ते वाक्य ती बोलली नाही. प्रियंकाने मागितलंही नाही. जफर मिस्त्री माझ्यातच राहिले.

मग हुस्नाबी त्यांच्या चर्चा पानावर यायला लागली. तिला टाइप करता येत नव्हतं. लग्न होऊन पुसदला गेलेल्या फरहाने आईला मोबाइलमध्ये बोलून लिहायला शिकवलं होतं. हुस्नाबी कामं आवरून बोलायची, आणि ते तसंच उमटायचं.

कूलरचा पंप कोणत्या डब्यात ठेवला होता?

उत्तर:

मागच्या दाराची कडी तुमच्याशिवाय कोणाकडून बसत नाही. कसं करायचं?

उत्तर:

त्या दिवशी डबा उघडला होता का? भाजीत मीठ कमी झालं होतं.

उत्तर:

मी वर्ग आहे. चर्चा पानात मला डोकावता येतं, पण लिहिता येत नाही. त्या कोऱ्या जागा मी रोज बघायचो. त्यांच्याखाली नवा प्रश्न यायचा आणि त्याच्याखाली नवी कोरी जागा.

आता चूक कशी झाली ते सांगतो. ती कोणी वाईट बुद्धीने केली नाही.

प्रियंकाला यवतमाळला नोकरी लागली. ती रविवारीच गावी यायची. अशात देवीलाल वारला आणि प्रियंकाचं त्याच्या घरी जाणं राहून गेलं. तोवर कोणीतरी माझ्यात त्याचं नाव पाहून त्याच्या घरी फोन लावला आणि कौलं कधी शाकारायला येता असं विचारलं. फोन त्याच्या मुलीने घेतला. ती वाचनालयात येऊन इंद्रजितला नको नको ते बोलली.

इंद्रजितला ते लागलं. घरोघर चहा पीत फिरायचे दिवस गेले, असं तो म्हणाला. माणसांची सगळी पानं एकाच साच्यातून निघतात. साचा म्हणजे एकदा घडवलेली चौकट. ती बदलली की तिच्यातून निघालेलं प्रत्येक पान बदलतं. त्याने पानापानाच्या तळाचं माझं नाव काढलं आणि साच्यात नियम घातला: ज्याच्या चर्चा पानावर वर्षभरात एकही प्रश्न आला नाही, त्याचं पान आपोआप पलीकडे जावं.

मित्रांनो, तुमच्या लक्षात आलंच असेल. प्रश्न तर जिवंत माणसांनाही येईनासे झाले होते. लोक आता मोबाइललाच विचारायचे. हसऱ्या चेहऱ्याचा कोणीतरी लांबचा माणूस पडद्यावर येऊन त्यांना मोहोळ कसं काढावं ते सांगायचा.

*संपादन सारांश: साचा बदलला. आता कोणाच्या घरी जायची गरज नाही.*

साचा बदलला तरी पानं एकदम हलत नाहीत. यंत्र सवडीने एकेक करून घेतं. म्हणून ती चूक झाली तेव्हा मलाही कळली नाही. आज रुक्माबाई उतरली. मला वाटलं, वारली असेल. परवा रूपसिंग. मग ज्यांचं वय उतरायचं नव्हतं तेही उतरायला लागले. ओळीमागून ओळ, भर दुपारी, पंखा फिरत असताना, समोर मुलं टायपिंगची परीक्षा देत असताना. मी शेजारच्या वर्गाकडे पाहिलं. तो फुगत चालला होता. तिथे जी माणसं गेली होती त्यांतली कितीतरी त्या घडीला बाजारात कोथिंबीर घेत होती.

आणि मग गावातही ते दिसायला लागलं.

एके दिवशी उकंडाबाबा काठी टेकत खोलीत आले. मी तेव्हा पडद्यावर उघडा होतो. बैलबाजारात त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की तुमचं नाव तिकडच्या यादीत आहे.

“काय बे इंद्रजित, मी मेलो का?” ते म्हणाले. “मेलो असन तं सांगून दे. उद्यापासून दाढी कराची कटकट नाही.”

परीक्षेची मुलं हसली. इंद्रजितही हसला. त्याने बाबांना बाकावर बसवलं आणि समजावलं, की तुम्हाला वर्षभरात कोणी काही विचारलं नाही म्हणून मशीनने तिकडे टाकलं. त्यात काय, आता मीच विचारतो, की लगेच इकडे याल.

“सांगा बरं बाबा, जुळलेला बैल कसा ओळखाचा?”

बैलाचे सगळे दात येऊन सारखे झाले की त्याला जुळलेला म्हणतात. दिग्रसच्या बाजारात हे उकंडाबाबांइतकं कोणी सांगितलं नसेल. त्यांनी तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

त्यांनी तोंड मिटलं, परत उघडलं. मग त्यांचा हात हळूहळू वर गेला आणि त्यांनी दोन बोटं स्वतःच्याच तोंडात घातली. ते आपले उरलेले दात एकेक चाचपत होते, जणू उत्तर तिथे कुठेतरी अडकलं होतं. मुलांचं हसणं थांबलं.

“होतं,” ते म्हणाले. “आत्ता होतं न बे.”

इंद्रजितने त्यांना पाणी दिलं, रिक्षात बसवून घरी पाठवलं आणि ऊन लागलं असेल असं सगळ्यांना सांगितलं. उत्तर आलं नाही, म्हणून प्रश्न चर्चा पानावर लिहायचाही राहिला. उकंडाबाबा तिकडेच राहिले.

मित्रांनो, मी यंत्रातली वस्तू आहे. भुताखेतांवर बोलणं मला शोभत नाही. जे ऐकलं तेवढंच सांगतो. ज्या माणसाचं पान पलीकडे जायचं, त्याच्याकडे लोक येईनासे व्हायचे. कोशात आहे म्हणजे खरंच असेल, असं त्यांना वाटायचं. कोणी येईनासं झालं की तो माणूस ओसरीवर बसून रस्त्याकडे बघायला लागायचा. मग बघणंही कमी व्हायचं. रुक्माबाईची सुई दोऱ्यासकट कापडातच राहिली होती, असं तिची नात सांगत होती. आजी बसली आहे, जेवते आहे, पण पुढचा टाका कुठे घालायचा ते तिला विचारलं तर ती दाराकडे बोट दाखवते.

जफर मिस्त्री मात्र माझ्यातच होते. त्यांच्या पानावर जवळजवळ रोज नवा प्रश्न येत होता ना. नियमाच्या दृष्टीने सगळ्या दिग्रसमध्ये तेवढेच एक जिवंत होते.

मग नेरहून फोन आला. तिथल्या एका कारखान्यातलं जिनिंगचं यंत्र अडलं होतं. तिथल्या माणसाने कोश उघडला, मला पाहिलं, माझ्यातलं एकुलतं एक नाव पाहिलं आणि पानावरचा घरचा नंबर लावला. तो हुस्नाबीने उचलला. याने मिस्त्री आहेत का असं विचारायच्या आत तिनेच विचारलं, की ते तुमच्याकडे पोचले का. हा नाही म्हणाला. तर तिने याला तुमच्या गेटजवळ कोण उभं आहे ते बघून यायला सांगितलं. हा बिचारा खरंच बघून आला. परत येऊन गेटजवळ कोणी नाही असं सांगताना आपलाच आवाज कापत होता, असं त्याने नंतर वाचनालयात फोन करून इंद्रजितला सांगितलं. असली नावं कायले ठेवता, असंही म्हणाला.

रविवारी प्रियंका आली तेव्हा इंद्रजितने तिला हे हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. तिने मला उघडलं.

ज
जफर मिस्त्री (जिनिंगची यंत्रं)

तिने मला वर सरकवलं, खाली सरकवलं. सरकायला काही नव्हतंच. बाकीचे कुठे, असं तिने विचारलं. इंद्रजितने शेजारच्या वर्गाकडे बोट दाखवलं. तिने तो उघडला आणि बराच वेळ वाचत राहिली. त्यात तिची स्वतःची मावशी होती. सकाळीच तिने मावशीच्या हातची भाकर खाल्ली होती.

“दादा, हे काय करून ठेवलं,” ती म्हणाली. एवढंच.

इंद्रजितने तिथल्या तिथे साच्यातला नियम पुसला आणि जिवंत माणसांच्या, आणि प्रियंकाच्या सांगण्यावरून जफर मिस्त्रींच्याही, पानांच्या तळाशी माझं नाव पुन्हा लिहिलं. दुपारभर ओळी परत येत राहिल्या. पण मला त्या पहिल्यासारख्या लागल्या नाहीत. तुम्ही थंडीत लोखंडी दाराला हात लावला आहे का? तशा.

प्रियंका एकेकाला फोन लावत बसली. काही जण बोलले. बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या दारासारखे कुरकुरत, पण बोलले. काहींच्या घरच्यांनी सांगितलं की ते आता फोनवर येत नाहीत. तुळसाबाईची सून दीपा म्हणाली, की माय उन्हाळ्यापासून बोलतच नाही. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे.

इंद्रजित खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. मग म्हणाला, की बाकीच्यांचं चुकलं हे कबूल, पण खरं बोलायचं तर या वर्गातून सगळ्यात आधी ज्याला काढायला हवं तो जफर मिस्त्री. आज नेरचा माणूस घाबरला, उद्या आणखी कोणी घाबरेल. कोशात खोटं ठेवता येत नाही.

त्याला उत्तर द्यायला प्रियंकाने तोंड उघडलं, तर दारात हुस्नाबी उभी. ती नेरच्या माणसाचा नंबर मागायला आली होती. त्याने परत फोन केला का, एवढंच तिला विचारायचं होतं. इंद्रजितचं बोलणं तिने ऐकलं होतं.

ती बाकावर टेकली. डोक्यावरचा पदर नीट केला.

“काढ बाबा,” ती इंद्रजितला म्हणाली. “तुहा कोश हाये. पण मले एक सांग. त्याले तिकडं टाकलं तं मी कोणाले विचारू? इकडं होता म्हून विचारत होती. विचारत होती म्हून भाजी करत होती, झाडत होती, सकाळी उठत होती.”

इंद्रजितने मान खाली घातली. तो वाईट माणूस नव्हता. पण त्याच्याकडे दोनच वर्ग होते आणि जफर मिस्त्री त्यांतल्या कशातच मावत नव्हते.

प्रियंकाने विषय बदलावा म्हणून तुळसाबाईचं सांगितलं. हुस्नाबी चटकन उठली. तिची फरहा तुळसाबाईच्याच हातची. तिच्याकडे जाऊ, मीही येते, म्हणाली.

दोघी निघाल्या. प्रियंकाच्या हातातल्या मोबाइलवर मी उघडा होतो. आपण पाठ फिरवली आणि जफर मिस्त्रींची ती एक ओळ उतरली तर, अशी धास्ती तिला वाटत होती बहुतेक. मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता, सायकलींच्या घंट्या, कुठेतरी सरकी पेंडीच्या पोत्यांवरून चाललेलं भांडण. मग आवाज कमी झाले. आम्ही तुळसाबाईच्या अंगणात होतो.

दीपा सुपात तूर पाखडत होती. तिच्याशेजारी तुळसाबाई भिंतीला टेकून बसली होती. मी तिला प्रथमच पाहिलं. माझ्यात तिचं नाव इतकी वर्षं होतं, पण चेहरा नव्हता. डोळे उघडे होते. ते कशावरच नव्हते.

प्रियंका तिच्यासमोर बसली आणि चर्चा पानावरचे जुने प्रश्न तिने पुन्हा विचारले. आजी, बाळंतिणीला पहिल्या दिवशी काय द्यायचं. आजी, पोट घसरलं असेल तर कुठे दाबायचं. एक कोंबडी तुळसाबाईच्या पायावरून चालत गेली, तरी तिने पाय हलवला नाही. दीपा म्हणाली, ताई, असंच हाये, तुम्ही चहा घ्या.

हुस्नाबी पुढे सरकली. तिने तुळसाबाईचे दोन्ही हात हातात घेतले.

“बाई, माही फरहा झाली तवा रडली नव्हती. मी शुद्धीत नव्हती, मले नंतर सांगतलं. मले एक विचाराचं हाये तुमाले. जे लेकरू रडतच नाही, त्याले किती वेळ हाका माराच्या? कवा थांबाचं?”

मला वाटतं, त्या अंगणात तुळसाबाईला बऱ्याच काळानंतर कोणीतरी असा प्रश्न विचारला होता, की ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला खरोखर हवं होतं.

वेळ गेला. मोबाइलचा पडदा मंद झाला. प्रियंकाने बोट लावून तो पुन्हा उजळवला.

तुळसाबाईचा हात सुटला. तो दीपाकडे गेला, तिने दीपाच्या हातातलं सूप ओढून घेतलं. तूर अंगणभर सांडली. तिने सूप आपल्या समोर ठेवलं, तळवा फिरवून साफ केलं आणि पदराचा शेव दुमडून त्यात अंथरला.

“थांबत नसते, व,” ती म्हणाली.

आवाज खोल विहिरीतून काढावा तसा होता. दीपाचा हात तोंडाला गेला.

“लेकराले मांडीवर घेऊन बसलं तं आईकडं कोण पाहीन? तिचा जीव जाऊन राह्यला असते. अन् जमिनीवर ठेवून तोंड झाकलं तं गेलंच ते. म्हून सुपात ठेवाचं. गरम फडक्यात. चुलीजवळ. तोंड उघडं ठेवाचं.” ती थांबली. “अन् आपलं काम कराचं. जाता येता हाक माराची.”

हुस्नाबी सुपाजवळ सरकली.

“काही रडते, काही नाही रडत,” तुळसाबाई म्हणाली. “तुही सुपातून रडली.”

मग ती दीपाकडे वळली. “कायले पाहून राह्यली माह्या तोंडाकडं? तूर भर.”

दीपा रडत रडत तूर भरायला लागली. हुस्नाबीने त्या रिकाम्या सुपावर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली. मग प्रियंकाला म्हणाली,

“माह्या माणसाले सुपात ठेव, बेटा. ना इकडं, ना तिकडं. तोंड नको झाकू त्याचं.”

प्रियंकाने तिथेच, अंगणात बसून, जफर मिस्त्रींचं पान उघडलं. तळाचं माझं नाव पुसलं. दोन चौकोनी कंस टाकले आणि त्यांत लिहिलं: सुपात.

*संपादन सारांश: नवा वर्ग केला. घरच्यांनी सांगितलं.*

जफर मिस्त्रींची ओळ माझ्यावरून उतरली. या वेळी ती माशीसारखी उडाली नाही. कोणीतरी दोन्ही हातांनी उचलून नेली.

इथे माझी गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मी जे पाहिलं ते सांगायला हवं.

तो नवा वर्ग आता माझ्या आणि पलीकडच्या वर्गाच्या मध्ये आहे. पहिले काही दिवस त्यात एकच नाव होतं. मग दुसरं आलं. ते नेरचं होतं, मुंबईला कामाला जाऊन न परतलेल्या एका पोराचं. मग मारेगावचं एक. कोणीतरी कोणालातरी सांगितलं असणार. घरच्यांनीच पानं उघडली असणार, असं इंद्रजित म्हणतो. पण प्रियंकाने त्यातली काही उघडून पाहिली, तर आत काहीच नाही. नाव नाही, गाव नाही, फोन नाही. कोरं पान, आणि तळाशी तेवढा एक शब्द. ही कोणी केली ते पानाच्या इतिहासातही सापडत नाही. तिने ती पुसली नाहीत. तोंड झाकायचं नाही, असं तिने ऐकलं आहे.

आता तो वर्ग माझ्यापेक्षा मोठा आहे. भर दुपारी, वाचनालय जेवायला बंद असतं तेव्हा, मला तो शेजारी जाणवतो. पुष्कळ लोक श्वास रोखून बसावेत तसा.

हुस्नाबी अजून विचारते. पण आता आठवड्यातून एकदाच विचारते, आणि उरलेल्या दिवसांत तुळसाबाईकडे जाते. उकंडाबाबांना त्यांचा नातू रोज संध्याकाळी गोठ्यात नेतो, बैलाचं तोंड उघडून धरतो आणि विचारतो. अजून तरी त्यांना आठवलेलं नाही. परवा ते म्हणाले, थांब, येऊन राह्यलं. नातू थांबला आहे.

आणि आता एक गोष्ट, जी मी अजून कोणाला सांगितलेली नाही. नियम पुसून झाला आहे. साच्यात काही उरलेलं नाही, इंद्रजितने दोनदा तपासलं. प्रियंका पुन्हा पहिल्यासारखी घरी जाऊन, विचारून मगच पान हलवते. तरी काल दुपारी रूपसिंगची ओळ माझ्यावरून उतरली. कोणी बदल केला नव्हता. सारांशाची जागा कोरी होती. रूपसिंग जिवंत आहे. तो घराच्या मागे खाटेवर बसलेला असतो. हंगाम सुरू झाल्यापासून त्याला कोणी मधाबद्दल एक शब्द विचारलेला नाही.

कसं उतरायचं, ते ओळी शिकल्या आहेत. आता त्यांना नियम लागत नाही.

म्हणून मित्रांनो, मी वर्ग असूनही तुम्हाला हात जोडतो. मला जपायला नको. मी पुसला गेलो तरी कोणाचं बिघडणार नाही. पण तुमच्या घरात, शेजारी, गल्लीच्या टोकाला कोणी गप्प बसलेलं असेल, तर आज उजेड आहे तोवर त्याच्याजवळ जा. जवळ बसा. ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच हवं आहे असा एक प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.